पंख्याच्या बेरिंगवरचा नारळ

सगळ्या कोल्हापुरात नुसत्या आवाजावरनं बेरिंगचं मरान सांगणारा मिस्त्री म्हंजी मी एकटाच हुतो. ही गोष्ट माझ्याबिगर आजपातुर कुणीच कुणाला सांगिटलेली न्हाय.

मंडळाची पोरं आली, म्हणाली, तात्या, दिवाळी अंकात तुमचं कायतरी येऊ द्या. म्हटलं, बाबांनो, मी चौथीच्या वर्गात बसलो आन मास्तरनी उठवला, तवापास्नं शाळंकडं बघितलं न्हाय. तर म्हणाली, तुमी बोला, लिवणारं कुणी बी लिवंल. तवा ह्ये लिवतीया माझी सूनबाई. शिवी आली की ती पेन खाली ठेवती आन माझ्या तोंडाकडं बघत बसती. जितं गोष्ट एकदम उडी मारून म्होरं गेल्यासारखी वाटंल, तितं एक शिवी गेली असं समजून घ्यावा.

आता बेरिंग म्हंजी काय, ते आधी सांगतो. एक मोठी रिंग, तिच्या पोटात एक बारकी रिंग, आन दोघींच्या मधी छर्रे न्हायतर रोलर. ते एकमेकाला खेटू नयेत म्हणून पितळंची जाळी. बास, एवढंच. सायकलीत हाय, गिरणीत हाय, उसाच्या चरकात हाय. फिरतंय तितं हाय. आन लोकास्नी वाटतं, लोखंड हाय, त्येला काय हुतंय? लोखंडाला बी शीण येतो. कोल्हापुरी पायताण बघा. रोज त्येच जागी टाच पडती, वरनं कातडं चकचकीत दिसतं, आन आतनं टाका सुटायला लागल्याला असतो. तसंच ह्ये. छर्रा त्येच वाटंवरनं लाखो वेळा जातो, मंग वरच्या कातडीच्या खाली बारीक चीर पडती. दिसत न्हाय. एक दिवस पापुद्रा निघतो. एक निघाला की दुसरा. मंग आवाज, मंग ताप, मंग सगळं जाम.

मला ह्यो धंदा शिकिवला रशीदचाचानी. उद्यमनगरात त्यांचं बारकं वर्कशॉप हुतं. मोटरी, पंप, ब्लोअर, काय बी दुरुस्तीला यायचं. चाचांचं एक तंत्र हुतं. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक बेरिंगच्या घरावर, म्हंजी ती ज्या लोखंडी डब्यात बसती त्येच्यावर, टेकायचं, मूठ कानाला लावायची. डॉक्टरच्या नळीगत सगळं आतलं ऐकू येतं. चाचा डोळं मिटायचं आन सांगायचं, "हिचं अजून आयुष्य हाय," न्हायतर, "हिला काढ."

मी बी डोळं मिटायला शिकलो. ऐकायला शिकायचं ऱ्हाऊन गेलं.

पहिल्यांदा एकट्याला पाठवलं ते गंगावेशीतल्या एका पिठाच्या गिरणीत. गिरणीवाला म्हणाला, खडखड आवाज येतोय. म्या स्क्रूड्रायव्हर लावला, डोळं मिटलं, म्हटलं, "बेरिंग मेली." मोटर उतरिवली. बाया दळणाचं डबं घिऊन तटलेल्या. बेरिंग काढली तर आरशावाणी लख्ख. पुन्यांदा बसिवली, मोटर चालू केली, आवाज हायच. गिरणीवाल्यानं भिंतीच्या खिळ्याला अडकवलेली तागडी खाली घेतली. आवाज बंद. माझ्याकडं बघून म्हणाला, "मिस्त्री, ह्या तागडीची बेरिंग बदलून दे की."

दुसरं, बेरिंग शाफ्टवर चढवायची तर आतल्या रिंगला ठोकायची असती. म्या बाहेरच्या रिंगवर घण घातला. म्हंजी सगळा मार मधल्या छर्ऱ्यांनी खाल्ला, आन वाटंवर खड्डं पडलं. चाचांनी ते बघितलं आन म्हणालं, "दिनू, ज्येला बसवायचं त्येलाच ठोक. बायकोवरचा राग सासूवर काढलास तर मधल्या मधी सासरा मरतो."

असा मी तयार झालेला मिस्त्री.

आता बोगद्याकडं येतो. मलकापूरच्या पल्याड, घाटाच्या अंगाला, डोंगरातनं पाणी काढायसाठी बोगदा खणायचं काम निघालतं. सत्तर सालाच्या नंतरची गोष्ट. आता म्हणं डोंगर कुरतडत जाणारं एक अजस्र मशीन असतं. थोरल्या पोरानं मोबायलवर दाखिवलं. त्येच्या तोंडामागं घराच्या दारापरीस मोठी बेरिंग बसिवल्याली असती, आन आत डोंगराच्या पोटात ती मेली तर मशीन ना म्होरं, ना म्हागं. ते बघून मला तवाच घाम फुटला. आमच्या वक्ताला तसलं काय नव्हतं. दगडाला भोकं पाडायची, सुरुंग भरायचा, माणसं बाहीर यायची, बार उडवायचा. मंग आत धुराचा नुसता कोंडमारा. त्यो धूर ओढून काढायला बोगद्याच्या तोंडाशी एक मोठा पंखा हुता, आन त्येला आतपातुर गेलेला पत्र्याचा पाईप. त्यो पंखा बंद म्हंजी आतल्या माणसांचं नाक बंद.

त्या पंख्याची, पंपांची आन बाकीच्या मशिनींची देखभाल चाचांनी घेतलती, आन तितं ऱ्हायाला मला धाडलं. म्या काय केलं, माझा मेव्हणा सदू गावात रिकामा हिंडत हुता, त्येला बी कामाला चिकटवला. सदू आत जाणाऱ्या टोळीत. बार झाला की पहिल्यांदा आत जायाचं आन सब्बलीनं छताचं सुटलेलं दगूड पाडायचं, ह्ये त्येंचं काम. धूर ऱ्हायला तर पहिला ह्येंच्या छातीत जाणार.

माझी बायको शेवंता. सदू तिचा एकुलता भाऊ. निघताना मला म्हणाली, "माझा भाऊ आत श्वास घेणार त्यो तुमच्या हातावर. ध्येनात ठिवा."

म्हटलं, "आगं, हातावर न्हाय, कानावर. माजा कान हाय की तितं."

 तिनं चेहरा त्या तागडीवाल्या गिरणीवाल्यासारखा केला.

तितं देसाईसाहेब म्हणून इंजिनेर हुते. हाडकुळं, शांत. ते म्हणायचे, "दिनकरराव, पंख्याची बेरिंग ठरलेले तास झाले की बदलायची. आवाज असो नसो."

"सायेब, चांगली चाललीया की."

"बेरिंग बनवणाऱ्या कंपनीच्या हिशोबानं शंभरातल्या नव्वद बेरिंगा तेवढे तास टिकतात."

"आन धा?"

"दहा त्याच्या आधीच जातात."

"कुठल्या धा?"

"ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून तर वाट बघायची नाही. पंख्यासाठी मी तास अजून कमी धरतो. खाली माणसं आहेत."

म्हटलं, "म्हंजी जित्या माणसाला तिरडीवर बांधायचं व्हय? सायेब, नव्या बेरिंगचा खोका स्टोअरात ऱ्हाऊ दे. हिची येळ आली की मी ऐकून सांगतो."

माझ्या बोलण्यातला जोर बघून ते बापडं हो म्हणालं. माझ्या कानाचं नाव म्याच एवढं वाजवलतं की साईटवर सगळ्यांस्नी ते खरं वाटायला लागलतं. मला सुदीक.

मंग आली खंडेनवमी. आमच्या धंद्यात ह्यो सगळ्यात मोठा सण. वर्षभर मशीन आपल्याला पोसतं, त्या दिवशी आपण त्येला पुजायचं. म्या ठरिवलं, पंखा असा झळकला पायजे की देवाला बी वाटावं, आपण पंखा व्हावं. पाण्याचा पाईप लावला आन पंखा वरनं खालनं धुतला. बेरिंगच्या घरावरचा वर्साचा मळ खराट्यानं घासून काढला. झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं. मंग नारळ. बाकीची माणसं नारळ दगडावर फोडत्यात. म्हटलं, आपण थेट बेरिंगच्या घरावरच फोडायचा, ज्येचा मान त्येला. दोन्ही हातांनी हाणला. नारळाचं पाणी शाफ्टवरनं वघळत आत गेलं. माणसं म्हणाली, "वा मिस्त्री!" म्या डोळं मिटून हात जोडलं.

तितनं सगळी दसऱ्याला आपापल्या गावी. सोनं वाटलं, गोडधोड खाल्लं, आन पंखा तितं वल्ल्या अंगानं एकटा हुबा.

परत आलो, चालू केला, मस्त चालला. पुढं थोड्या दिवसांनी सदू जेवायला बसल्यावर म्हणाला, "दाजी, पंख्याचा आवाज बदललाय जरा."

"तू आत दगूड पाडतोस. तुझ्या कानात दगूडच."

तरी बी जाऊन स्क्रूड्रायव्हर लावला. बारीक कुरकुर हुती. म्हटलं, ग्रीस मागतीया. ग्रीसची बंदूक घेतली आन ती पुरं म्हणंस्तवर दाबली. ती कवा पुरं म्हणती? आवाज एकदम गप. देसाईसाहेबांस्नी बोलवून दाखिवलं. "बघा सायेब. गप केली का न्हाय? अजून लई चालंल."

चाचा नंतर ह्यावर म्हणालं, "रडणाऱ्या पोराच्या तोंडात गूळ घातलास, आन म्हणालास ताप गेला." जादा ग्रीस भरलं की आवाज दबतो खरा, पर आतल्या आत घुसळून ती बेरिंग आणखीच तापती. ह्ये मला ठावं नव्हतं असं न्हाय. मला शाबासकी पायजे हुती.

भाऊबीज आली. सदूला सुट्टी न्हाय. तवा शेवंताच सकाळच्या यष्टीनं साईटवर आली. हातात करंज्यांचा डबा, पिशवीत ताट, निरांजन, सुपारी. दुपारचा बार उडून गेलता, पंखा धूर ओढत हुता, आन सदूची टोळी आत जायाच्या तयारीनं तोंडाशी हुबी. शेवंता आली आन मला बघायच्या आधी पंख्याकडं बघितलं.

"अवो, ह्यो असाच वरडतो व्हय?"

"वरडणं न्हवं ते. चालणं म्हणत्यात."

"जात्यात खडा आला की असं हुतं."

"जातं कुठं, पंखा कुठं! तू ताट सांभाळ."

ती पंख्यापशी गेली आन बेरिंगच्या घराला उलटा हात लावला. तव्याला लावतात तसा. लावला आन झटक्यात काढला.

"आई गं! आवो, ह्येच्यावर भाकरी भाजंल की!"

"नवं ग्रीस हाय. जरा गरम हुतंच."

सदू मधी पडला. "आक्का, दाजींनी ऐकलंय. लई चालंल म्हणालेत."

"दाजींनी ऐकलंय म्हणूनच मला भ्या वाटतंय."

टोळीतली माणसं फिदीफिदी हसाय लागली. मला राग आला. म्हटलं, "शेवंता, ह्यो माजा धंदा हाय. तू पटकन ववाळ आन माणसास्नी कामाला जाऊ दे."

तितं एक घमेलं उपडं पडलं हुतं. ती त्येच्यावर बसली, बोगद्याच्या तोंडात, बरोबर मधी. ताट मांडीवर घेतलं. निरांजनात वात घातली, तेल घातलं, पर काडी वढली न्हाय.

"ह्यो पंख्याचा डबा उघडून आत काय हाय ते दावा. तवर मी निरांजन पेटवायची न्हाय. आन बिनववाळलेला माजा भाऊ आत जातोय का, ते मी बघते."

आता सदूची पंचाईत. भाऊबीजंच्या दिशी भन ताट घिऊन बसल्याली, तिला ओलांडून जायाचं कसं? त्यो खाली बसला. त्येच्या टोळीतला एकजण म्हणाला, "मला बी भन हाय गड्या," आन त्यो बी बसला. बघता बघता सगळी टोळी बसली. कुणीतरी करंज्यांचा डबा उघडला. मी एकटाच हुबा, हातात स्क्रूड्रायव्हर.

देसाईसाहेब आले. "काम का थांबलंय?"

"सायेब, ती माझी बायको हाय."

"ते समजलं. काम का थांबलंय?"

शेवंता बसल्या जागेवरनंच म्हणाली, "सायेब, जरा हात लावून बघा."

त्यांनी लावला. माझ्याकडं बघितलं. आरडले न्हाईत, काय न्हाय. फकस्त म्हणाले, "पंखा बंद करा. पुलर आणा. नवीन बेरिंग काढा."

खरं सांगतो, बोल्ट सोडवताना मी मनातल्या मनात देवाला म्हणत हुतो, बेरिंग चांगली निघू दे, माझी अब्रू ऱ्हाऊ दे. आन त्याच वक्ताला सदू माझ्यासाठी कंदील धरून हुबा हुता. माणूस काय मागतो बघा.

झाकण उघडलं. ग्रीस माडग्यागत पातळ झाल्यालं, तांबूस. पुलरनं बेरिंग वढून काढली, रॉकेलमधी धुतली. रिंगच्या वाटंवर सारख्या सारख्या अंतरावर गंजाचे डाग. जितं जितं रोलर टेकून हुबे हुते, तितं तितं एकेक. दसऱ्याच्या सुट्टीत पाणी तितं साचलं, गंजानं कातडी खाल्ली, मंग रोज त्याच खड्ड्यावरनं रोलर आपटत गेले. चार ठिकाणी पापुद्रं उचकटून आल्यालं. आन पितळंची जाळी एका जागी चिरून नुसती लोंबत हुती. साहेबांनी बोटानं ती हलिवली आन तुकडा हातात आला.

"ही आज संध्याकाळपर्यंत टिकली नसती," ते म्हणाले. मंग इचारलं, "इथं पाणी कसं शिरलं?"

 सगळी त्या बेरिंगच्या घराच्या झाकणाकडं बघत हुती. त्येच्यावर माझ्याच हाताचं कुंकू अजून लाल हुतं, आन त्येच्या शेजारी नारळाचा पोचा.

म्या म्हटलं, "श्रद्धेनं, सायेब."

नवी बेरिंग तेलात तापवून बसिवली. आतल्या रिंगला ठोकून, ह्ये मुद्दाम सांगतो. ग्रीस साहेबांनी स्वतः भरलं, निम्मंच. पंखा चालू केला आन तवा मला उमगलं की चांगल्या पंख्याचा आवाज कसा असतो. इतके दिवस मी आजारी माणसाच्या घोरण्यालाच झोप समजत बसलतो.

धूर पुरा निघाल्यावर शेवंतानं काडी वढली. वाऱ्यानं वात इझायला लागली तर टोळीतल्या माणसांनी भवतीनं हातांचा आडोसा केला. सदूला ववाळलं. त्येच्या खिशात काय नव्हतं. त्यानं इकडं तिकडं बघितलं, आन मेलेल्या बेरिंगची बाहीरची रिंग उचलून तिच्या ताटात ठिवली.

"आक्का, ह्यी घे. ह्यीच माझी ववाळणी."

मंग सदू सब्बल घिऊन आत गेला. टोळी आत असंपातुर सगळा वक्त म्या पंख्यापाशीच बसून काढला. शेवंता बी बसली.  टोळी बाहीर आल्यावर ती उठली आन म्हणाली, "यष्टी किती वाजता हाय?"

तितनं पुढं मी देसाईसाहेबांच्या हिशोबानं चाललो. तास भरले की बेरिंग बाहीर, मग ती कितीबी गाणं म्हणू दे. चांगल्या चांगल्या बेरिंगा काढून टाकल्या, जीव चुकचुकायचा. येळंत बदललेल्या बेरिंगला कुणी शाबासकी देत न्हाय, ह्ये ह्या धंद्याचं दुख हाय. ती गेली असती का टिकली असती, ते कवाच कळत न्हाय. आन नारळ दगडावर फोडायला लागलो. माणसं म्हणायची, "का मिस्त्री, पंख्याचा देव बाटला व्हय?" म्हटलं, देव तितंच हाय, त्येला पाणी नगं.

चाचा गेले. उद्यमनगरातलं वर्कशॉप बी गेलं. पंख्या-ब्लोअरपाशी आयुष्य काढल्यानं माजा कान आता जवळजवळ गेलाय. दाराची कडी वाजली तरी ऐकू येत न्हाय, कुणी मोठ्यानं बोललं तरच कळतं. सदूला नातवंडं हायीत. दर भाऊबीजंला येतो, छाती ठणठणीत, आन करंज्या खाऊन मला इचारतो, "दाजी, अजून लई चालंल न्हवं?"

ती रिंग आमच्या सैपाकघरात हाय. माठाखाली. माठ डुगडुगायचा, त्येला तिवई म्हणून शेवंतानं ठिवली ती तशीच.

परवा मंडळाचा एक पोरगा लिखाण कुठवर आलंय ते बघायला आलता. पाणी प्यायला आत गेला आन माठाखाली बघून म्हणाला, "तात्या, ही बेरिंग काय?" झालं. म्या सगळं सुरू केलं. शीण, पापुद्रं, स्क्रूड्रायव्हर. म्हटलं, "बघ, शंभरातल्या नव्वद टिकत्यात. धा आधीच जात्यात. आन त्या धा कुठल्या, ह्ये सांगायला लई वर्साचा अनुभव लागतो."

पोरगा पेन काढून बसला. "मग त्या धा ओळखायच्या कशा?"

म्या कानामागं हात नेला, डोळं मिटलं, आन आता काय सांगावं ह्येचा इचार कराय लागलो. शेवंता चुलीपाशी भाकरी थापत हुती. मान वर न करता मोठ्यानं म्हणाली,

"सोपं हाय, पावणं. ज्या बेरिंगला ह्ये म्हणत्यात 'अजून लई चालंल', ती काढून टाकायची."